जास्वंदीचा नवा वाण: परागणापासून नावापर्यंत

या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत: घरच्या कुंड्यांत जास्वंदीचा संकर करायचा, नवा वाण काढायचा आणि जमल्यास त्याची रीतसर नोंद करायची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांतले महिने नागपूरच्या हवेचे आहेत. पुण्या-नाशिकच्या वाचकांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत.

प्रश्न: माझ्याकडे एक पिवळी आणि एक गुलाबी अशा दोन कलमी जास्वंदी आहेत. मार्च ते मे रोज सकाळी ब्रशने एकीचा पराग दुसरीला लावला. साठेक फुलांपैकी एकानेही बोंड धरलं नाही. ब्रशचा दोष की झाडाचा? (मानेवाडा)

दोष कॅलेंडरचा. पारा पस्तिशी ओलांडून गेला की परागकण रुजण्याचं प्रमाण घसरतं आणि फुलाच्या टोकावरच्या, पराग झेलणाऱ्या कुक्षी सकाळी दहाच्या आत सुकतात. त्यातून एखादं बोंड धरलंच तरी ते पिकायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे त्याला ४४ अंशांतला मे काढावा लागणार. झाड तेवढा भार सोसत नाही, गाळून टाकतं. आपल्याकडे परागणाचा खरा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. डिसेंबरअखेर ते जानेवारी रात्री फार गार असतात, झाड सुस्तावतं. फेब्रुवारीत पुन्हा तीनेक आठवडे मिळतात, पण त्या बोंडांना एप्रिलमध्ये हिरव्या नेटची सावली द्यावी लागते.

ब्रश मात्र फेकून द्या. जास्वंदीचे परागकण टपोरे आणि काटेरी असतात, ते केसांत अडकून बसतात आणि कालच्या फुलाचा पराग आजच्या फुलाला लागतो. मग बाप कोण हे कुणीच सांगू शकत नाही. बापाचं फूलच तोडून हातात घ्यायचं.

विदर्भातल्या वाचकांना हे काम समजावणं सोपं आहे, कारण जास्वंद आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, एकाच कुळातल्या. कपाशीच्या बीजोत्पादनाच्या शेतात संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढणाऱ्या आणि सकाळी पराग लावणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या असतील, तर रीत तीच. फरक एवढाच की त्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसर सोलतात. जास्वंदीची नळी लांब आणि ठिसूळ असते, तिथे नख चालवू नका.

आई म्हणून निवडलेल्या झाडावर संध्याकाळी पाचच्या सुमारास उद्या उमलणारी कळी शोधा. ती पुरती लांबलेली असते आणि पाकळ्यांचा पीळ सैल व्हायला लागलेला असतो. ब्लेडने पाकळ्यांना एका बाजूने उभी चीर द्या आणि त्या निम्म्यावर कापून टाका. आतली नळी उघडी पडते. तिच्यावर देठ असलेले बारीक गोळे दिसतात, ते परागकोश. टोकाशी पाच फाट्यांवर पाच मखमली गाद्या दिसतात, त्या कुक्षी. बारीक चिमट्याने वरून खाली सगळे परागकोश काढा, गाद्यांना धक्का लागू देऊ नका. एकही परागकोश फुटून पिवळी भुकटी सांडली असेल तर ती कळी सोडा. मग वर बटरपेपरची किंवा मलमलीची पिशवी बांधा, नाहीतर सकाळी तुमच्या आधी शिंजीर आणि मुंग्या येऊन जातात. पुष्कळ हौशी लोक परागकोश काढतच नाहीत, कारण कुक्षी वर आणि पराग खाली असतो. नुसतं बी हवं असेल तर चालतं. पण वंशावळ लिहून ठेवायची असेल तर ही पायरी गाळू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा ही वेळ धरा. बापाच्या फुलाचे परागकोश तडकून पिवळे झालेले असतात. त्याच्या पाकळ्या मागे दुमडा, नळी काडीसारखी धरा आणि पाचही गाद्यांवर अलगद टेकवा, गाद्या पिवळ्या दिसेपर्यंत. पिशवी पुन्हा बांधा. दोन्ही झाडं एकाच दिवशी फुलत नसतील तर बापाचं फूल सकाळीच तोडून झाकणाच्या कोरड्या डबीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी वापरता येतं, त्यापुढे भरवसा नाही.

चिठ्ठी लगेच बांधा. आधी आईचं नाव, मग फुली, मग बापाचं नाव, खाली तारीख. शिसपेन्सिलने लिहा, बॉलपेन नागपूरच्या उन्हात महिन्याभरात उडतं.

आता रोज पाहायची जागा म्हणजे फुलाचा देठ. त्याच्यावर एक बारीक सांधा असतो, बोटाच्या पेरासारखा. फलन झालं नसेल तर तीन ते सात दिवसांत हा सांधा पिवळा पडतो आणि तिथूनच सगळं गळतं. कपाशीची पातीगळ, म्हणजे कळ्यांची गळ, पाहिलेल्या माणसाला हे ओळखू येईल. दहा दिवसांनंतर सांधा हिरवा आणि हिरव्या संदलाच्या (पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्याच्या) आत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली, तर बोंड धरलं म्हणा. त्यानंतर कुंडी एक दिवसही कोरडी पडू देऊ नका, आणि बशीत पाणी साचूही देऊ नका. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. ज्या फुलांवर परागण करायचं आहे त्यांच्यावर नको.

आणि शंभरातून दहा-पंधरा बोंडं धरली तरी हात चांगला बसला असं समजा.

प्रश्न: अंगणात देवाला वाहायची लाल जास्वंद आहे, दुसरी गुच्छाची लाल आहे. दोन्हींवर कधीच बी दिसलं नाही. यांचा संकर होईल का? (कामठी)

गुच्छाच्या फुलात बरेच पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात, कधी कुक्षीही धड नसते. देशी एकेरी लाल सहसा बी धरत नाही. दोन्हींना आई करण्यात वेळ घालवू नका. गुच्छात चुकून चार परागकोश सापडले तर बाप म्हणून वापरून पाहा. देशी लालचा खरा उपयोग खुंट म्हणून आहे. मुळं दणकट, काळ्या मातीत टिकणारी; नाजूक संकरित जास्वंदी तिच्यावरच कलम करतात.

कुठलंही नवं झाड घेतलं की त्याला एकदा आई आणि एकदा बाप करून पाहावं. काही झाडं फक्त एकाच बाजूने चालतात, ते रंगावरून कळत नाही.

प्रश्न: दोन बोंडं तपकिरी झाली आहेत. बी कसं पेरू? मागच्या वर्षी अकरा बिया टाकल्या, दोन उगवल्या, त्याही मानेत कुजल्या. (त्रिमूर्तीनगर)

बोंड पिकलं की टोकाकडून पाच चिरा पडतात आणि बी उडून जातं. म्हणून रंग बदलायला लागताच त्याला जाळीची पुरचुंडी बांधा. आत पाच कप्पे असतात. एका बोंडात तीन बिया निघतील किंवा वीसही.

बीचं कवच कठीण असतं, हे तुमच्या कमी उगवणीचं पहिलं कारण. बी साधारण मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. खाचेची बाजू सोडून पाठीच्या फुगीर भागावर नेलकटरने कवचाचा टवका काढा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेल इतकाच. मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ओल्या टिश्यूपेपरवर, झाकणाच्या डबीत, २५ ते २८ अंशांत ठेवा. फेब्रुवारीत घरातली हवा साधारण तशीच असते. तीन ते दहा दिवसांत मूळ फुटतं, काही बिया महिनाही घेतात. टवका काढलेलं बी मऊ होऊन वास येईपर्यंत फेकू नका. मूळ अर्धा सेंटिमीटर झालं की १ सेंटिमीटर खोल लावा.

मान कुजणं हे दुसरं. कुंडीत अंगणातली काळी माती भरली असेल तर कारण तेच: ओली झाली की हवा कोंडते, सुकली की दगड होते आणि कोवळी मुळं तोडते. रोपांसाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग कन्हान नदीची जाड वाळू, दोन-तीनदा धुतलेली. लावण्याआधी मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घाला. पाणी सकाळी, वरचा थर सुकल्यावरच.

बी फेब्रुवारीत रुजलं तर मे महिन्यात रोप तीन महिन्यांचं असतं, तिथेच निम्मी रोपं जातात. पूर्वेचं ऊन, सकाळी नऊनंतर ७५ टक्क्यांचं नेट, आणि कुंड्या फरशीवर न ठेवता विटांवर. आणखी एक सवय सोडा: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंडीला घालणं. त्या पाण्याची दिवसभर वाफ होत असते, क्षार मात्र मागे उरून साठत जातात. पानांच्या कडा करपल्या की लोक ऊन लागलं म्हणतात, बऱ्याचदा ते कूलरचं पाणी असतं.

प्रश्न: संकराच्या चौदा रोपांपैकी एक फुललं. पिवळ्या कडेचं, आत लाल, फारच सुंदर. नवा वाण मिळाला असं समजायचं का? (धरमपेठ)

अजून नाही. जास्वंद बी रुजल्यापासून नऊ महिने ते दीड वर्षात पहिलं फूल देते, आणि पहिलं फूल खोटं बोलतं: लहान, कधी वेडंवाकडं, कधी पुढे येणार नाही इतकं देखणं. रंगही हवेप्रमाणे बदलतो. गार हवेत लाल-जांभळी छटा गडद होते, उन्हाळ्यात उतरते. डिसेंबरात लाल डोळा मिरवणारं फूल मेमध्ये नुसतं पिवळं दिसू शकतं. म्हणून दोन हिवाळे आणि मधला एक उन्हाळा पाहिल्याशिवाय निर्णय नको.

बहुतेक हौशी माणसं फुलाला भुलतात. पाहायचं असतं झाड. फूल उमलताना पूर्ण सपाट होतं की पाकळ्या दुमडलेल्याच राहतात? देठ फुलाचं वजन पेलतो की फूल तोंड खाली घालतं? कळ्या उमलण्याआधी किती गळतात, दहातून तीन की सात? फूल संध्याकाळपर्यंत टिकतं की दुसऱ्या दिवशीही? बुंध्यापासून फांद्या फुटतात की एकच सोटा वर जातो? मे महिन्यात पानं टिकतात का? पावसाळ्यात मुळं कुजतात का? यातल्या दोन-तीन ठिकाणी नापास झालेलं झाड फूल कितीही गोड असलं तरी काढून टाकावं. शंभर रोपांतून दोन राखली तरी पुष्कळ. चौदांतून एकही न राखणं यात कमीपणा नाही.

टिकलेल्या रोपाची पुढची परीक्षा म्हणजे त्याची प्रत निघते का. जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीच्या जाडीच्या, १५ सेंटिमीटरच्या दहा छाट काड्या लावा आणि किती मुळावतात ते लिहा. दोनच मुळावल्या तर देशी लालच्या खुंटावर पाचर कलम करावं लागेल. ब्लेड प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा; पानांवर कड्यांसारखे पिवळे डाग देणारा विषाणू हत्यारावरून पसरतो. असे डाग असलेल्या झाडावरून काडी घेऊच नका. बीपासून तुमच्या झाडाची प्रत निघत नाही: जास्वंदीच्या बागेतल्या जाती स्वतःच पिढ्यानपिढ्यांचे संकर आहेत आणि त्यांची गुणसूत्रांची संख्याही झाडागणिक वेगळी असते. म्हणून एका बोंडातली भावंडंही एकमेकांसारखी नसतात.

प्रश्न: वाणाचं वर्णन लिहायचं म्हणजे नेमकं काय? "मोठं, आकर्षक, नारिंगी फूल" असं लिहून पाठवलं तर परत आलं. (प्रतापनगर)

परत यायलाच हवं होतं. त्या वर्णनाची पन्नास झाडं नागपूरच्या रोपवाटिकांत मिळतील. वर्णनाचं काम एकच: तुमचं झाड पाहिलेलं नसलेल्या माणसाने, त्याच्यासारखीच दहा झाडं समोर असताना, नेमकं तुमचंच उचलावं.

आधी मापाची शिस्त. एकाच झाडावरून मापं घेऊ नका. त्याच्या किमान पाच प्रती, सारख्या कुंडीत, सारख्या मातीत वाढवा. प्रत्येकीवरची दोन फुलं, म्हणजे दहा फुलं, नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान मोजा. सरासरीबरोबर सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं मापही लिहा. पानं फांदीच्या मधल्या भागातली घ्या, शेंड्याची कोवळी नकोत.

रंग शब्दांत लिहू नका. आपल्याकडे भगवा, केशरी, शेंदरी, नारिंगी यांत घरोघरी मतभेद. जगभर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात: पंख्यासारख्या उघडणाऱ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर चार छटा, प्रत्येकीला क्रमांक आणि अक्षर. महाग आहे, कृषी महाविद्यालयाच्या उद्यानविद्या विभागात विचारून पाहा. पाकळी तक्त्यावरच्या छिद्राखाली धरायची, उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात. थेट उन्हात नाही, ट्यूबलाइटखाली तर नाहीच. मोबाइलचा फोटो पुरावा म्हणून जोडा, पण रंग ठरवण्यासाठी वापरू नका, कारण कॅमेरा आपल्या मनाने लाल आणखी लाल करतो.

जास्वंदीत रंग कमीत कमी तीन ठिकाणी मोजावा: मधला डोळा, पाकळीचा मधला पट्टा आणि कड. शिरा वेगळ्या रंगाच्या असतील तर चौथा. मग कुक्षीच्या गाद्यांचा रंग. ही बारीक जागा लोक विसरतात आणि नेमकी तीच दोन सारख्या वाणांना वेगळं करते.

नमुना म्हणून एका काल्पनिक रोपाचं वर्णन असं होईल: "फूल एकेरी, व्यास १५.२ सेंमी (१३.८ ते १६.५), पाकळ्या एकमेकींवर निम्म्याहून अधिक चढलेल्या, कड लहरी. डोळा लाल-जांभळा ५९ए, व्यास ४ सेंमी, कड फिसकटलेली. मधला पट्टा लाल ५३ए. कड पिवळी-नारिंगी १७ए, रुंदी १.५ सेंमी. पुंकेसरनळी ७ सेंमी, पाकळ्यांच्या बाहेर डोकावणारी, कुक्षी लाल. उपसंदलाची (संदलाखालच्या हिरव्या पात्यांच्या वलयाची) दलं ७. देठ ५ सेंमी, ताठ. पान ९ बाय ७ सेंमी, चकचकीत, कडेला बोथट दाते. फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतं." यात एकही विशेषण कौतुकाचं नाही.

शेवटी तुलना. दिसायला सर्वांत जवळचा जुना वाण निवडा, तो शेजारी वाढवा आणि फरक लिहा: याचा डोळा ४ सेंमी, त्याचा २, याची कुक्षी लाल, त्याची पिवळी. फरक प्रत्येक प्रतीत आणि दोन्ही हंगामांत दिसला पाहिजे. आई आणि बाप यांच्याशीही तुलना द्या.

प्रश्न: माझी छोटी रोपवाटिका आहे. नव्या जास्वंदीला "नागपूर सुंदरी" नाव ठेवून नोंदणी करायची आहे. पेटंट मिळेल का? तोवर विक्री सुरू करू का? (हिंगणा रोड)

पेटंट नाही, भारतीय पेटंट कायद्यात झाडं आणि वाण बसत नाहीत. त्यासाठी वेगळा कायदा आहे: वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१. काम दिल्लीचं प्राधिकरण पाहतं. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रजातींच्याच नव्या वाणांचे अर्ज घेतले जातात, म्हणून खर्च करण्याआधी तुमच्या प्रजातीचं नाव प्राधिकरणाच्या चालू यादीत पाहा. वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. शेवटच्या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष लावून तपासतात. हक्काची एकूण मुदत झाडं आणि वेलींसाठी १८ वर्षं, इतर पिकांसाठी १५.

विक्रीची घाई मात्र अंगाशी येते. अर्जाच्या तारखेआधी भारतात एका वर्षाहून जास्त काळ विक्री झाली असेल तर वाण कायद्याच्या नजरेत "नवा" राहत नाही. पहिल्या रोपाच्या विक्रीची पावती जपून ठेवा आणि त्या तारखेपासून दिवस मोजा. चाचणीला कुणाकडे रोपं दिली तर "विक्रीसाठी नाही" असं लिहून सही घ्या.

नावात गोची आहे. या कायद्यात वाणाच्या नावात पूर्ण किंवा अंशतः भौगोलिक नाव चालत नाही. प्रामाणिक वापर वाटला तर निबंधक सूट देऊ शकतात, पण त्या भरवशावर राहू नका. नुसते आकडे चालत नाहीत, कुणाच्या धार्मिक भावना दुखावतील असं नाव चालत नाही (जास्वंदीला देवाचं नाव देण्याचा मोह फार, म्हणून सांगितलं), आणि गुणांबद्दल दिशाभूल करणारं नावही नाही. दोन दिवस टिकणाऱ्या फुलाला "सदाफुली" म्हणू नका.

कायदेशीर हक्क नको, नुसतं नाव जगाने मान्य करावं एवढंच हवं असेल, तर संवर्धित वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिथे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, १९५९ पासूनची नवी नावं लॅटिन चालत नाहीत आणि नाव ३० अक्षरचिन्हांपेक्षा मोठं नसावं. वर्णनासह, तारीख असलेल्या छापील प्रकाशनात ते यावं लागतं. काही फुलांच्या जागतिक नोंदी ठरावीक संस्थांकडे असतात. गुलाबाची अमेरिकन रोज सोसायटीकडे, बोगनवेलीची दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे.

प्रश्न: जांभळ्या बोगनवेलीच्या एका फांदीला पांढरी फुलं आली. संकर न करता हाही नवा वाण का? (काटोल रोड)

होऊ शकतो. याला कळीतला उत्परिवर्तन-बदल म्हणतात, म्हणजे एका कळीत अचानक झालेला आनुवंशिक बदल. एकाच झाडावर पांढरी आणि जांभळी फुलं देणारी "मेरी पामर" अशीच कोलकात्यात एका बोगनवेलीच्या फांदीवर सापडली होती. फांदीला आज सुतळी बांधा, कारण फुलं गळली की ती ओळखू येत नाही. पावसाळ्यात तिच्याच काड्या लावा, त्या फुलल्यावर त्यांच्या काड्या, मग पुन्हा. तीन पिढ्या पांढरं राहिलं तर स्थिर म्हणा. मधे जांभळी फांदी फुटली तर बुडापासून काढा. ती जोरदार असते, पांढरीला दाबून टाकते.

प्रश्न: कोल्चिसीनने फुलं दुप्पट मोठी होतात म्हणे. कळलावीच्या कंदात ते असतं, काढून वापरू का? (उमरेड)

नाही. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसीन जीवघेणं विष आहे. घरच्या भांड्यात त्याचा काढा करणं म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ. शिवाय कोल्चिसीन करतं ते एवढंच की पेशीतले गुणसूत्रांचे संच दुप्पट करतं. जास्वंदीत मुळातच असे अनेक संच असतात, आणखी वाढवून झाड बहुधा खुरटतं. तेवढ्या वेळात नोव्हेंबरात तीस फुलांवर पराग लावून होईल.